पोस्टरशेजारी तू उभी नसणार

पत्र

ताई, मी विद्यापीठात व्हिज्युअल डिझाइनच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून चित्रकला चांगली, म्हणून इकडे आले. दीड वर्षात हाताने अक्षरं काढणं, रंगीत कागद कापून चिकटवणं आणि ग्रिड (मांडणीच्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी) आखणं हेच जास्त झालं. सॉफ्टवेअर म्हणावं तसं कुणी शिकवलंच नाही, ते मी व्हिडिओ बघून शिकले. माझं काम मी ऑनलाइन टाकते तेव्हा भरभरून दाद मिळते. तेच काम क्रिटला, म्हणजे वर्गात सगळ्यांच्या कामावर चर्चा होते तेव्हा, भिंतीवर लावलं की सगळ्यांसमोर चिरफाड होते. गेल्या वेळी एका कार्यक्रमाच्या पोस्टरसाठी रात्री जागवल्या. सर थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तारीख कुठाय?" तारीख होती! खाली उजवीकडे होती, मी बोट ठेवून दाखवली. तरी मार्क कमीच. माझा एक मित्र कुठलाही कोर्स न करता घरबसल्या शिकला आणि आता कामं घेऊन कमावतोय. त्यात एआयला सांगितलं की मिनिटात चित्र तयार. मग इथे आणखी वर्षं घालवण्यात अर्थ आहे का? सोडून द्यावंसं वाटतं, पण घरी कसं सांगू तेही कळत नाही.
— दुसऱ्या वर्षातली एक

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मी अडकले त्या तारखेपाशी. तारीख पोस्टरवर होती हे खरं. सरांना ती दिसली नाही हेही खरं. आणि तू बोट ठेवून दाखवलीस, इथे सगळी गंमत आहे. ते पोस्टर उद्या एखाद्या कॉरिडॉरमध्ये लागलं असतं तर शेजारी बोट दाखवायला तू उभी नसतीस. माणूस घाईत आला असता, चित्र बघून "छान आहे" म्हणाला असता आणि कार्यक्रम कधी आहे हे न कळताच पुढे गेला असता.

ऑनलाइन मिळणारी दाद खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे लोक तुझं चित्र बघायला येतात. त्या कार्यक्रमाला जायचंय की नाही हे ठरवायला कुणी येत नाही, त्यामुळे तारीख सापडली नाही तरी त्यांचं काहीच अडत नाही. क्रिटमध्ये तुझं काम वेगळ्या कामासाठी वाचलं जातं, आणि ते वाचणारी माणसं रोज, फुकट, तुझ्या समोर असतात. पदवी संपली की असं वाचून दाखवणारं कुणी भेटत नाही. तेव्हा काम सरळ फसतं आणि का फसलं हे कोणी सांगायला थांबत नाही.

चांगल्या हेतूने केलेलं काम कसं फसतं याचं माझं आवडतं (म्हणजे खरं तर भीतीदायक) उदाहरण एका मतपत्रिकेचं आहे. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत मतदारांमध्ये वयस्कर माणसं पुष्कळ, म्हणून तिथल्या निवडणूक अधिकाऱ्यांनी अक्षर मोठं ठेवायचं ठरवलं. इथवर कोण नाव ठेवेल? पण अक्षर मोठं केल्यावर उमेदवारांची नावं एका पानात मावेनात. मग ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली, आणि मत देण्यासाठी ज्यातलं एक भोक पाडायचं ती भोकांची उभी रांग दोन्हींच्या मधोमध आली. डाव्या पानावर पहिलं नाव बुश यांचं, त्याखाली दुसरं अल गोर यांचं. पण वरून दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं. गोर यांचं तिसरं. नावापासून भोकापर्यंत बाण छापलेले होते. तुझी तारीख जशी "होती", तसे ते बाणही होते. त्या काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४००च्या आसपास मतं पडली, आणि त्यातली बरीचशी आपली नसावीत असं खुद्द तेच म्हणाले. फ्लोरिडाचा अधिकृत निकाल लागला ५३७ मतांच्या फरकाने, बुश यांच्या बाजूने.

त्या मतपत्रिकेत चित्र नव्हतं, नक्षी नव्हती, रंगसंगती नव्हती. पण व्हिज्युअल डिझाइन होतंच. कुठली गोष्ट कशाशेजारी ठेवली, डोळा आधी कुठे गेला, कुठे चुकला, हेच तर तुला शिकवतायत.

आता तुझ्या पोस्टरकडे येते. ते मी पाहिलेलं नाही, तरी एक अंदाज करते: तू आधी चित्र पूर्ण केलंस आणि उरलेल्या जागेत मजकूर बसवलास. चित्रकलेतून या शाखेत आलेल्या बहुतेकांचं दुसऱ्या वर्षापर्यंत असंच चालतं. चित्र यजमान आणि मजकूर भाडेकरू. तारीख खाली उजवीकडे गेली कारण तेवढाच कोपरा मोकळा होता, हो ना?

पुढच्या ब्रीफला, म्हणजे नेमून दिलेल्या पुढच्या कामाला, उलटं करून बघ. सुरुवातीला चित्र काढूच नकोस. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, जागा, एवढाच मजकूर घे. सगळी अक्षरं एकाच आकाराची, एकाच वजनाची (म्हणजे जाडीची), काळ्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर काळी. फक्त जागा बदलून, मोकळी जागा सोडून, ओळी एकत्र किंवा लांब ठेवून काय आधी वाचलं जातं ते बघ. मग फक्त एका गोष्टीचा आकार बदल. मग वजन. हे कंटाळवाणं वाटेल, आणि दोन-तीन तासांनी एकदम वाटेनासं होईल. एवढं जमल्यावर चित्र आण, आणि त्या मांडणीला धक्का लागतोय का ते बघत राहा. तयार झालं की खऱ्या आकारात प्रिंट काढून भिंतीला लाव. स्क्रीनवर झूम करून बघितलेलं पोस्टर आणि दहा पावलांवरून बघितलेलं पोस्टर ही दोन वेगळी पोस्टरं असतात. मग दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी पकड, ज्याला डिझाइनशी काही देणंघेणं नाही असा, आणि पाच सेकंद दाखवून झाकून टाक. "काय आठवतंय?" एवढंच विचार. तो म्हणाला, "काहीतरी निळं, पक्षी होता," की समज, पक्षी काढायचं काम छान झालंय आणि पोस्टरचं राहिलंय.

तुला मनापासून रुचणार नाही अशी एक सूचना करते: पुढच्या क्रिटमध्ये गप्प राहा. काम लाव आणि पहिली काही मिनिटं एक शब्द बोलू नकोस. संकल्पना सांगू नकोस, प्रेरणा सांगू नकोस, किती रात्री जागलीस ते तर मुळीच सांगू नकोस. मैत्रिणीला आधीच सांगून ठेव की लोक काय बोलतात ते जसंच्या तसं लिहून घे, कारण कामावर बोललं जात असताना आपल्याला निम्मं ऐकूच येत नाही. सगळ्यांचं झाल्यावर एकच प्रश्न विचार: "तुम्हाला यात आधी काय दिसलं आणि मग काय?" "कसं वाटलं?" विचारलंस तर आवडीनिवडी ऐकायला मिळतील. "काय दिसलं?" विचारलंस तर डिझाइनबद्दल ऐकायला मिळेल.

बरं, क्रिटमधलं सगळंच प्रमाण मानायचं नसतं. "मला हा हिरवा आवडत नाही," हे मत झालं. "हिरव्यावर ही राखाडी अक्षरं उठत नाहीत," हे निरीक्षण झालं, आणि ते मोजताही येतं. वेबवरच्या मजकुरासाठी तर आंतरराष्ट्रीय निकषच आहेत, साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदातला फरक) हवा. मतं ऐकून सोडून दे, निरीक्षणं वहीत ठेव. सर मत देतायत की निरीक्षण, हे कळत नसेल तर बिनधास्त विचार. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

हाताने अक्षरं काढण्याबद्दल तुझी तक्रार आहे. ती ज्यांनी शिकवलं त्यांच्याविषयी असायला हवी, कारण अक्षरं हाताने कशासाठी काढायची हे त्यांनी सांगितलेलं दिसत नाही. रोमन एच आणि त्याशेजारी ओ काढ, दोन्ही पट्टीने मोजून एका उंचीचे. ओ लहान दिसेल. तो लहान नाही, पण दिसतो; म्हणून चांगल्या टाइपमध्ये ओ वरच्या आणि खालच्या रेषेबाहेर जरासा काढलेला असतो. तसंच आडव्या रेघेचं. उभीइतकीच जाड काढलीस तर ती जास्त जाड भासते, म्हणून ती किंचित बारीक ठेवतात. पट्टीला जे बरोबर ते डोळ्याला बरोबर असेलच असं नाही, ही गोष्ट हाताने दहा वेळा खोडून काढल्याशिवाय अंगात मुरत नाही. सॉफ्टवेअर तुला "अलाइन" करून देतं आणि वर सांगतं की सगळं बरोबर आहे. देवनागरीत तर याहून मजा. रोमन मजकुराला शोभणारं ओळींमधलं अंतर तसंच देवनागरीला दिलंस की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांवर आदळतात. हाताने लिहिलं असेल तर ते लगेच खटकतं. नसेल तर फाइल तशीच छापायला जाते, आणि अशी छापलेली कामं आपण रोज बघतो.

रंगीत कागदांचंही तसंच. जर्मनीत १९१९ साली वायमारला वॉल्टर ग्रोपिउस यांनी बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा सुरू केली, तिथे योहानेस इटेन यांनी आधी एक पायाभूत वर्ग घेतला. जगभरच्या डिझाइन अभ्यासक्रमांतली फाउंडेशनची कल्पना बरीचशी तिथून आलेली आहे. पुढे त्याच बाउहाउसमध्ये शिकवणारे योझेफ आल्बर्स अमेरिकेत गेले आणि १९५० पासून येल विद्यापीठात होते. रंग शिकवताना ते रंगाच्या ट्यूबपेक्षा कागद पसंत करायचे. कारण साधं आहे. ट्यूबमधून रंग कालवला की प्रत्येक वेळी थोडा बदलतो. कागदाचा एकच तुकडा दोन ठिकाणी ठेवला तर तो नक्की तोच असतो. मग एका पार्श्वभूमीवर तो पिवळट आणि दुसरीवर करडा दिसला, तर दोष कागदाला देता येत नाही. एकाच तुकड्याचे दोन रंग "दिसायला" लावा, हा त्यांचा विद्यार्थ्यांना दिलेला प्रसिद्ध अभ्यास. तुझ्याकडून कापून घेतलेल्या कागदांत हाच असणार. पुन्हा एकदा करून बघ, या वेळी मार्कांसाठी नको.

सॉफ्टवेअरचं दुःख मला फारसं नाही. तू व्हिडिओ बघून शिकलीस ना? झालं तर मग. १९९०च्या दशकात पानांची मांडणी करणाऱ्यांना क्वार्क एक्सप्रेस हे सॉफ्टवेअर आलं की नोकरी मिळायची. १९९९ मध्ये त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर इनडिझाइन आलं आणि काही वर्षांत चित्र पालटलं. वेबवरच्या अ‍ॅनिमेशनसाठीच्या फ्लॅशवर कितीजणांची रोजीरोटी चालायची, २०२०च्या शेवटी तेही बंद झालं. आज तू जे शिकतेयस त्याचंही कधीतरी हेच होईल.

छपाई मात्र व्हिडिओतून येत नाही, आणि त्यासाठी विभागाच्या मागे लागायला हवं. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जास्तीची छपाई) का ठेवायचं, स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर मंद का होतो, हे प्रेसमध्ये उभं राहिल्यावर डोक्यात बसतं. बारीक काळी अक्षरं रंगीत छपाईच्या चारही शाईंनी छापायला दिलीस आणि एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक अक्षराला रंगीत कड येते आणि वाचणाऱ्याला आपला चष्मा बदलायची वेळ आली असं वाटतं. तेच अक्षर नुसत्या काळ्या शाईत दिलं असतंस तर काही झालं नसतं. एखाद्या छापखान्याची भेट ठरवायला सांग. नाही जमलं तर तुम्ही चौघी-पाचजणी मिळून जा. दुपारच्या निवांत वेळी गेलात तर मशिनवर काम करणारी माणसं भरभरून सांगतात.

मित्राबद्दल. तो कमावतोय याचा आनंद मान, आणि पदवीशिवाय या क्षेत्रात काही होत नाही असं त्याला कधी ऐकवू नकोस, कारण ते खरं नाही. लंडनच्या भूमिगत रेल्वेचा तो सरळ रेषांचा नकाशा हॅरी बेक यांनी काढला. ते रेल्वेच्या सिग्नल विभागात आराखडे काढणारे ड्राफ्ट्समन होते. १९३१ मध्ये दिलेला आराखडा आधी नाकारला गेला, १९३३ मध्ये छापला गेला आणि लोकांनी उचलून धरला. उलट १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या सबवेसाठी मासिमो विन्येली या नामवंत डिझायनरने तशाच कल्पनेवर नकाशा केला. देखणा इतका की डिझायनर आजही त्याबद्दल बोलताना हळवे होतात. पण त्यात सेंट्रल पार्क करडा आणि जवळजवळ चौकोनी, पाणी फिकट मातकट. न्यूयॉर्कच्या लोकांना वरचे रस्ते पाठ. स्टेशनातून बाहेर आल्यावर नकाशा आणि शहर जुळेना. १९७९ मध्ये तो बदलला. एक ड्राफ्ट्समन आणि एक नामवंत डिझायनर, आणि दोघांचाही निकाल शेवटी प्रवाशांनी लावला. तेव्हा मित्राला विचारायचं असेल तर किती कमावतोस हे विचारू नकोस, तुझं काम चुकतं तेव्हा तुला कोण सांगतं, हे विचार. त्याच्याकडे तसं कुणी असेल तर त्याचं उत्तम चाललंय.

आणि कमवायला कोर्स सोडावा लागतो असंही नाही. नाइकेची ती खूण कॅरोलिन डेव्हिडसन यांनी १९७१ मध्ये केली तेव्हा त्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकत होत्या. मिळाले ३५ डॉलर. कंपनीने पुढे त्यांना शेअर दिले, पण प्रत्येक कंपनी असं करत नाही. म्हणून छोटी कामं जरूर घे, फक्त आगाऊ रक्कम, किती वेळा बदल करून देणार आणि हक्क कुणाचे, या तीन गोष्टी आधी लिहून घे. ईमेलमधल्या चार ओळीही पुरतात.

एआयच्या बाबतीत मी तुला खोटा धीर देणार नाही. कुणी दिलेल्या मजकुराशेजारी ठेवायला एक गोड चित्र, किंवा एकाच जाहिरातीचे वीस आकार, अशी नवख्यांना मिळणारी कामं कमी होतायत. तुझं सगळं कौशल्य "छान चित्र" एवढंच राहिलं तर काळजी करण्यासारखं आहे. पण ते यंत्र तुला दहा पर्याय देतं तेव्हा त्यातले नऊ कशासाठी टाकायचे हे कोणाला तरी ठरवावं लागतं आणि क्लायंटसमोर सांगावं लागतं. तुझ्या क्रिटमध्ये नेमकी हीच तालीम चालते. वापरायचं तर वापर, पण विभागाचा नियम आधी विचार आणि वापरलंस तिथे तसं लिही. लपवलेलं उघड झालं तर कामापेक्षा त्याचीच चर्चा होते.

मग सोडायचं की नाही? एक वेळ अशी असते की सोडणं किंवा बदलणं योग्यच. तू पोस्टर करताना मजकूर पूर्ण वाचतेस का, हे स्वतःला विचार. त्या कार्यक्रमाचं, त्या माहितीपत्रकाचं, त्या फॉर्मचं तुला कुतूहल वाटतं का, की तो सगळा अडथळा वाटतो आणि कधी एकदा चित्राला हात घालते असं होतं? अडथळाच वाटत असेल तर तुझा जीव चित्रात आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मग इलस्ट्रेशन, अ‍ॅनिमेशन किंवा चित्रकलेकडे वळणं जास्त शहाणपणाचं. तुझ्याच विद्यापीठात अंतर्गत बदल करता येतो का ते बघ. दुसरं कारण शिक्षकांचं. विचारूनही कुणी कारण सांगत नसेल, क्रिट म्हणजे नुसता अपमानाचा कार्यक्रम असेल, तर ते वातावरण सहन करण्यात शौर्य नाही. पण "तारीख कुठाय?" हा अपमान नव्हता गं. एक प्रामाणिक वाचक तुला सापडला होता.

घाई मात्र करू नकोस. हे सत्र पूर्ण कर, वर सांगितलंय तसं एक काम करून बघ, त्याच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या तारखेसकट जपून ठेव. इंटर्नशिपला जाशील तेव्हा पोर्टफोलिओत सुबक कामांच्या चळतीपेक्षा असं तीन-चार कामांचं पहिल्यापासून शेवटपर्यंतचं ओझरतं दर्शनही बघणाऱ्याला जास्त सांगून जातं.

घरी आत्ता "सोडतेय" म्हणून सांगण्यासारखं काही नाही, तेव्हा ते वाक्य बोलूच नकोस. "मला जड जातंय, या सत्रानंतर विचार करायचाय," एवढं मात्र सांग, कारण शेवटी एकदम कळलं तर ते जास्त घाबरतील. आणि सांगायच्या आधी विभागाच्या कार्यालयातून माहिती काढ: मधे एक वर्ष थांबून परत येता येतं का, शाखा बदलली तर आतापर्यंतचे क्रेडिट्स धरतात का, अर्जाची शेवटची तारीख काय. ही उत्तरं लेखी घे. तोंडी सांगणारे कर्मचारी पुढच्या सत्रात दुसऱ्या टेबलावर गेलेले असतात.